बत्तीस जीबी

सकाळी बटन दाबून
मी समोरच्या टपरीवर चहा प्यायचो,
परत यायचो,
तरी पडद्यावरचं चक्र फिरतच.

दारव्ह्याहून निकेशनं आणली,
बिस्किटाएवढी, हातात वजनच नाही.
"जे रोज लागते तेच हे ध्यानात ठेवते.
बाकीचं राहू दे थोरल्या डिस्कमधी."

आता चहा सांगायचंच राहून जातं.
सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला
बोट उचलायच्या आत हजर.

नोव्हेंबरात पंचफुलामावशी आली
जिवंत असल्याचं लिहून द्यायला,
वर्षातून एकदा येते तशी.
तिची फाईल नव्हती
बिस्किटाच्या ध्यानात.

आतून जुनी डिस्क कण्हली,
गरगरत उठली.
मावशीनं डब्याला कान लावला.
"बसतो ना मी.
शोधू दे तिले."