दुसऱ्या वळणावरचा कठडा

साडेनवालाच पार्किंग भरलं होतं.
टोपीवाल्या पोराने हात आडवा केला,
"एक गाडी बाहेर, तर एक आत."
मग तासभर बसून राहिलो, इंजिन बंद, काचा खाली,
पुढच्या व्हॅनमधलं कुत्रं आमच्याकडे टक लावून,
आणि मागच्या सीटवर टोबिनने
दुपारची सँडविचेस सकाळीच संपवली.

नकाशावर नऊ धबधबे.
प्रत्येकाला नाव, नंबर, आणि किती पायऱ्या ते.
"नऊ तर नऊ," वडील म्हणाले.
ब्याऐंशीचे. एक गुडघा नवा, एक जुनाच,
दोन्ही कान मात्र लेसच्या गिरणीत ठेवून आलेले,
सव्वीस वर्षांत, हप्त्याहप्त्याने.

पायवाट कसली, रांगच ती.
खांद्यावर पोर, पोराच्या हातात वितळतं आइस्क्रीम,
सॉरी, सॉरी, जरा जाऊ द्या.
पहिल्या धबधब्यापाशी कुणीतरी अंगठी घेऊन गुडघ्यावर बसलं
आणि ओळख ना पाळख अशा आम्ही चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या.
ती काय म्हणाली ते पाण्यात गेलं.
हो म्हणाली असावी. रडत तरी होती.

दुसऱ्या वळणावर वडील थांबले.
मला वाटलं, गुडघा.
बाटली पुढे केली, घेतली नाही.
लोखंडी कठड्यावर त्यांनी पंजा ठेवला होता,
तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा,
मान किंचित कलती.

"चालू आहे," म्हणाले,
बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात,
पुढच्या दोघी वळून बघायला लागल्या.
"सगळे माग चालू आहेत. तिसरी पाळी."

मीही हात ठेवला.
लोखंड बारीक थरथरत होतं.
मला ते नुसतं थरथरणं.
त्यांनी माझी बोटं थोडी डावीकडे सरकवली,
खांबाच्या जोडापाशी.
"इथे बघ. इथे धागा तुटतोय अधूनमधून."

गिरणी बंद झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते.
त्या रात्री जेवणाच्या टेबलावर
त्यांनी असाच पंजा ठेवला होता, बराच वेळ,
आणि आईने विचारलं होतं, कॅझिमिर, काय हरवलंय?

मागून रांग रेटत होती.
एक बाई म्हणाली, फोटो काढायचा तर काढा ना लवकर.
टोबिन म्हणाला, आजोबा, अजून सात राहिलेत.
त्यांना ऐकू आलं नाही.
किंवा आलं.

परतताना टोबिन फुरंगटून बसला. नऊपैकी दोन!
पुढच्या वर्षी, मी म्हटलं,
म्हणतात तसं.
फाटकावर त्याच पोराने आम्हाला बाहेर काढलं,
आणि ताटकळलेल्या एका निळ्या गाडीला आत हात केला.
आरशात पाहिलं तर वडील झोपलेले,
शर्टाची उजवी बाही
कोपरापर्यंत ओली.