आधी जा, मग मागा

फंडाचं पत्र सभ्य होतं.
प्रवासखर्च मंजूर, अट एकच:
आधी जा, पावत्या जपा, परत या, मग मागा.
झोंबाच्या भौतिकशास्त्र विभागात
हिशेबाच्या टेबलाशी बसून मी ते लुसुंगूला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, "म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत
त्यालाच पैसे देणार."
मी म्हटलं, "तसं लिहिलेलं नाही."
तसंच लिहिलेलं होतं.

नाव म्हणे उन्हाळी शाळा.
जुलैत आमच्याकडे दात वाजतात,
म्वेरा वारा सरोवर ढवळून काढतो,
पण पैसा जिथला, उन्हाळाही तिथलाच.
लिकोमा बेटावर चौतीस मुलं,
दुर्बीण एक, लॅपटॉप अकरा,
आणि कोड शिकवायला ही एकटी.
तिचा पगार तेरा तारखेला संपतो.
मला ठाऊक आहे, तो मीच काढते.

विभागात रोकड अशी एकच: मयतफंड.
झाडूवाल्यापासून प्रोफेसरापर्यंत
सगळे दर महिन्याला टाकतात;
कुणाचं कोणी गेलं की
पेटी, कापड, मक्याचं पीठ त्यातून.
शुक्रवारी मी उभी राहिले.
म्हटलं, सगळा लागेल.

कुणीतरी खुर्ची मागे सरकवली, पुन्हा पुढे घेतली.
मग रात्रपाळीचे बाम्बो कापेसी,
सत्तरी ओलांडलेले, छातीत कायमची घरघर,
म्हणाले, "ऑगस्टपर्यंत मी काही जात नाही. शब्द दिला.
बाकीच्यांनी आपापलं बघा."

ते सहा आठवडे मी फोनला भ्यायले.
कॉरिडॉरमध्ये कुणी खोकलं की पेन थांबायचं.
न्गविरा सरांच्या सासूबाईंना दवाखान्यात नेलं,
तेव्हा मी आधी लाकडाचा भाव आठवला,
प्रार्थना नंतर केली.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

लुसुंगू आली ती ओठ फुटलेले,
पिशवीत सुकी उसिपा मासळी
आणि मासळीच्याच वासाच्या पावत्या.
बस. बस. तीन दिवस उशिरा निघालेली बोट.
शेवटच्या होडीवाल्याने सहीच्या जागी
वहीच्या कागदावर मासा काढून दिला होता.
मी तोही चिकटवला.
अनुक्रमांक घालत होते, एक, दोन,
तर ती हसली:
"तिथे शून्यापासून मोजायला शिकवण्यातच एक दिवस गेला.
एनिफा नावाची मुलगी सोडेचना.
शून्याच्या जागेवर कोण बसतं, बाई?
म्हटलं, जो पहिला येतो तो.
म्हणाली, मग त्याला पहिला का नाही म्हणत?"

संध्याकाळी फाटकाशी कापेसींनी तिला अडवलं.
"आमच्या मरणाच्या पैशाचं काय आणलंस, दाखव."
तिने तिथेच, सायकलच्या कॅरिअरवर, लॅपटॉप उघडला.
एनिफाच्या कोडने काढलेला आलेख:
एका ताऱ्याचा एका रात्रीचा उजेड,
ठिपके, ठिपके, बरेचसे विस्कटलेले,
आणि मधेच एक उथळ खळगा.
त्यांनी खळग्यावर बोट ठेवलं.
"इथे कोण गेलं?"
"कोणी नाही हो. ग्रह गेला. ताऱ्यासमोरून."
"आणि हे परत वर आलंय ते?"
"तो पुढे गेला. उजेड आहे तेवढा झाला."
म्हातारा काच पुसत राहिला बोटाने,
जणू खळगा तिथल्या धुळीचा होता.

ऑक्टोबर अर्धा सरला. पैसे नाहीत.
फंड विचारतो, माशाच्या चित्रावर शिक्का का नाही.
कापेसी रोज सकाळी किल्ल्या ठेवायला येतात,
टेबलावर वाकतात:
"आले का? माझा शब्द ऑगस्टपर्यंतचा होता, बाई.
सप्टेंबरपासून मी उधारीवर जगतोय."

आज पुन्हा फॉर्म भरला.
तातडीचं कारण, असा एक रकाना आहे,
दोन ओळींचा.
मी लिहिलं:
रात्रपाळीचा माणूस थांबला आहे.