दाढ

मुसफ्फाची छावणी, खोली दोनशे चौदा.
दहा खाटा, एक एसी, तो ठिबकतो त्याखाली
रंगाचा रिकामा डबा.
पगाराच्या रात्री माझ्या वहीत
दहा नावांपुढे पन्नास पन्नास दिरहम.
वही माझ्याकडे, कारण मी बारावी.
मी डक्ट बसवतो. मला मास्तर म्हणतात.

या वेळी बक्षीस एवढं मोठं
की पोशन्नाने त्याचे रुपये करून मागितले
तर मोबाइलवर शून्यं मावेनात,
शेवटी एक इंग्रजी अक्षरच आलं.

जेवणं उरकल्यावर सुरू झालं.
टेकबहादुर म्हणाला, भावाला इकडे येऊ देणार नाही.
बस्स. उरलेल्या पैशांचं नंतर बघू.
मोतालिब नदीत गेलेली जमीन विकत घेणार.
कोणाकडून रे?
नदीकडून.
पोशन्ना अख्खं गाव विमानात घालून आणणार,
चाळिसावा मजला दाखवायला.
सळया आपण बांधल्या, हे तिकडे कोणाला खरंच वाटत नाही.
गुलजमान कंपनीच घेणार, फोरमनसकट.
मग त्याला उन्हात उभा करशील?
छे. सावलीत बसवीन. माझ्यासमोर. नुसता बसवीन.
दाभोळचे इस्माईलचाचा, तेवीस वर्षं इथे,
म्हणाले, एकदा विमानात बसेन
परतीचं न काढता.

मास्तर, तुझं?
मी म्हटलं, विचार नाही केला.
कर मग. आणि हिशेब तू ठेवतोस, तुला दीड वाटा.
सगळ्यांनी हात वर केले.

वही उशाखाली होती.
वहीत दहा पन्नास होते.
तिकीट नव्हतं.

मंगळवारी चिपळूणहून कुंदाचा फोन.
तोंड न उघडता बोलत होती.
रूट कॅनल, वर टोपी, साडेअकरा हजार.
लवंग धरते दाढेत, म्हणाली, पुढच्या महिन्यात बघू.
त्या ‘बघू’तला घ नीट उमटलाच नाही.
एक्सचेंजच्या काचेखालून मी पाचशे सरकवले
आणि स्वतःला सांगितलं,
कोणाला लागलंय आजवर!

सोडतीच्या रात्री तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवला.
नंबर वाच, म्हणाले.
मी वही उघडून वाचल्यासारखे वाचले
दाताच्या डॉक्टरच्या फोनचे शेवटचे सहा आकडे.

आजवर देवाला दे म्हणत आलो.
त्या रात्री म्हटलं, देऊ नकोस.
यांना नको देऊस. मलाही नको.
पहिला आकडा जुळला.
मोतालिबने माझा गुडघा धरला.
दुसरा जुळला.
कोणीतरी बिस्मिल्ला म्हटलं, कोणीतरी नुसतंच आई गं,
आणि मी दाराकडे पाहिलं, कडी आतून होती.
तिसरा पाच हवा होता.
सात आला.

नऊ अरेरे एकदम.
दहावा माझा, जरा उशिरा.
नदीने जमीन परत नेली.
फोरमन खुर्चीवरून उठला, उन्हात गेला, ओरडू लागला.
गुलजमानने चहा टाकला. म्हणाला,
मास्तरला बघा, सगळ्यांत जास्त यालाच लागलंय.
खरंच माझे हात थरथरत होते.
पेला दोन्ही हातांनी धरला.
पडल्या पडल्या झोप लागली,
इतकी गाढ झोप मला मुसफ्फात कधी लागली नव्हती.

कुंदाने काजू खाल्ला,
फोन गालाशी धरून, मला ऐकवण्यासाठी.
कटकन वाजला.
ऐकलंस? दुसऱ्या बाजूने पण खाऊन दाखवते.

पुढच्या पगाराला माझ्या नावापुढे मी शंभर लिहिले.
का रे? पोशन्नाने विचारलं.
दीड वाटा ठरलाय ना, म्हटलं, फुकट कशाला.
सगळे हसले.

इस्माईलचाचांनी नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
माझ्या आधी आठ वर्षं
ही वही त्यांच्याकडे होती.
चष्मा पुसत, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं
त्यांनी विचारलं,
नऊ महिने?