साप्ताहिक सुट्टी

नाकाडा चढायचं ठरलं ते दळवींमुळे.
मार्चअखेर ते निवृत्त होणार.
अठ्ठावीस वर्षं कुंभार्ली घाटात गाडी घातली,
आणि खालून तिसऱ्या वळणावर
रोज तो डोंगर समोरच्या काचेत येऊन उभा राहायचा,
"तिकीट न काढलेल्या माणसासारखा," फरीदा म्हणाली.
ही परकारांची फरीदा, वाहक, चिपळूण आगार.
मी चौकशी खिडकीतली. गावाला माझा फक्त आवाज माहीत:
फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी.

तिघांची सुट्टी एका वारी आली, चमत्कार खरा तोच.

पहाटेच्या गाडीने धनगरवाडीखाली उतरलो.
भागू झोरे कमरेला कोयती अडकवून उभाच होता,
पायात प्लास्टिकची चप्पल, एकीचा अंगठा तारेने शिवलेला.
माझ्या नव्या बुटांकडे बघून म्हणाला,
"चावतील."
चावले.

सोंडेवर आधी करवंदीच्या जाळ्या, मग ऐन, किंजळ,
मग कारवी, डोक्याच्याही वर, वाळून खुळखुळणारी.
वाट म्हणजे भागूची पाठ.
पहिल्या तासात आम्ही बोललो: महागाई भत्ता,
दळवींचा प्रॉव्हिडंट फंड, फरीदाच्या मुलीची नीट.
दुसऱ्या तासात नुसती नावं: काटा. मुळी. दगड.
तिसऱ्यात काही नाही.
दिवसाला तीनशे गावांची नावं घेणारा माझा गळा
एका "थांबा"साठी हवा शोधत होता.

घसाऱ्यावर दोन पावलं वर, एक खाली,
जणू दर वेळी सुटे परत मिळत होते.

मग कातळाचा टप्पा.
बोटं खाचेत, पोट दगडाला, आणि मी अडकले.
ना वर, ना खाली.
तापलेल्या कातळाला कान लावून उभी,
खाली बघायचं नाही एवढंच आठवत होतं आणि बघत होते.
वरून फरीदाने जिभेने दोनदा वाजवलं:
टिंग टिंग.
पाय आपोआप सुटला.
सोळा वर्षांची सवय; भीतीला पत्ताही लागला नाही.

माथ्याच्या चाळीस हात खाली भागू बसला, विडी पेटवली.
"फुडं तुमी जावा. ढोरं जात न्हाईत, मग आमी कशाला?"
"वर आहे काय?"
"वारा."

वर वाराच होता.
आणि एक सपाट खडक, एशियाड उभी करता येईल एवढा,
वळवता मात्र आली नसती.
इथून समुद्र दिसतो म्हणतात.
धुरकटात जमीन कुठे संपते तेच कळेना.
गुहागरच्या अंगाला एक चकाकी होती,
खाडी असेल, नाहीतर कुणाच्या घराचा पत्रा.
खालून एक धनेश गेला,
ब्रेकमधून हवा सुटावी तसा पंखांचा आवाज.
फरीदाने डबा उघडला: तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी.

दळवी जेवायला आले नाहीत.
काठापाशी उकिडवे बसून
घाटाचा राखाडी दोरा बोटाने मोजत होते.
"ते बघा. तिसरं. तिथं मी वळतो."

एक लाल ठिपका चढत आला.
मी घड्याळ पाहिलं: कराड गाडी, बावीस मिनिटं उशिरा.
आज तिच्यावर दुसरा कुणी.
ठिपका वळणाशी आला, रेंगाळला,
आणि दळवींचे मांडीवरचे दोन्ही हात
हळूच उजवीकडे फिरले,
वळण संपेस्तोवर फिरलेलेच राहिले.
मग सरळ.

"इथून दिसत नाही हो," ते म्हणाले,
"आत कोण आहे ते."

उतार वाईट होता. त्याबद्दल माझे गुडघे बोलतील.
शेवटचा तास मी बूट हातात घेऊन चालले,
भागू मागे न बघता हसत होता,
त्याच्या बायकोने दिलेलं ताक मी दोनदा मागितलं.

दुसऱ्या दिवशी माईकचं बटण दाबलं.
"फलाट क्रमांक..."
आणि बसल्या जागी मला दम लागला.
बाकड्यांवरच्या माना वर झाल्या.
बाहेर दळवींची गाडी सुरूच होती,
फरीदाचा हात दोरीवर.
"तीन," मी म्हणाले.