दावं

गावाचं नाव नांदे.
आमच्या पाऊण एकराला तीन बाजूंनी आता पत्रे,
पत्र्यांवर हसणारी माणसं, निळं पाणी,
अडीच खोल्यांचं सुख.
चौथ्या बाजूला ओढा.
जनावरं ओढ्याकडूनच येतात.

पहिली आली ती शेळी, एका कानाचा लचका गेलेली,
मागे फरपटत तुटक्या नायलॉनची निळी दोरी.
मग वीटभट्टीवरचं गाढव,
पाठीवर केस उगवायचे राहून गेलेले.
मग एक रेडकू. नर. म्हणजे कोणाचंच नाही.

एकतीस वर्षं दूरध्वनी खात्यात
मी लोकांच्या तक्रारी नोंदवल्या,
म्हणून वही घातली:
तारीख, रंग, शिंगं, खूण, कुठे सापडलं,
आणि शेवटचा रकाना, कोणी नेलं.

सरपंच म्हणाले, कोंडवाड्याच्या जागी जिम झाली मॅडम,
तुम्हीच बघा चार दिवस.
चार दिवस हे माप आमच्याकडे सैल आहे,
त्यात पंधरवडा मावतो,
कधी अख्खा उन्हाळा.

नियम एकच केला.
नावं ठेवायची नाहीत.
नाव ठेवलं की हाक जाते,
हाक गेली की मान वळते,
आणि वळलेल्या मानेपुढे
फाटक उघडून धरणं मला जमत नाही.
तरी संध्याकाळी पेंड भिजवताना
तोंडातून 'ए बाई', 'ए शहाण्या' निघतंच.
ते नाव नव्हे.
ते नुसतं बोलणं.

शेळी भट्टीवरच्या यल्लव्वाची निघाली.
तिने वहीकडे बघितलंसुद्धा नाही.
उंबराखाली उभी राहून
जिभेने टक् टक् केलं,
आणि शेळी चाऱ्याच्या ढिगावरून, माझ्या खुर्चीवरून,
माझ्या चहावरून.
सही करा म्हटलं, तर म्हणाली,
तिलाच विचारा की.

बैल आला तो पोळ्याच्या दुसऱ्या पहाटे.
शिंगांना लाल रंग, अजून बोटाला लागणारा,
एका शिंगावर बेगडाची फाटकी पट्टी,
वशिंडापाशी गेरूत बुडवलेला
कोणाचा तरी अख्खा तळहात.
ओठाला पुरणाचा वास.
म्हणजे जेवू घालून सोडला होता.
कानातला पिवळा बिल्ला काढून घेतलेला,
भोक तेवढं जागच्या जागी.
एक पाय टेकताना विचार करायचा.

ग्रुपवर फोटो टाकला.
सतरा जणांनी हात जोडले.
दावा सांगायला कोणी आलं नाही,
म्हणून दावं माझ्या हातात.

विसाव्या दिवशी पांढरी मोठी गाडी.
उतरला तो मांडेकरांचा निवृत्ती,
ओढ्यापलीकडची त्यांची जमीन गेल्या साली विकली गेली.
म्हणाला, सहज आलो.
कोणाचा हो बैल?
मी म्हटलं, माझा नाही.
तो म्हणाला, माझाही नाही.

बैलाने त्याच्या मनगटावरून
घड्याळासकट जीभ फिरवली,
खालून वर, दोनदा.
त्याने हात मागे घेतला नाही.
"अकराव्या मजल्यावर राहतो आम्ही,"
हे तो मला नाही, बैलाला सांगत होता.
"लिफ्टमध्ये कुत्रं चालत नाही तिथे."
मग विचारलं, पाय डॉक्टरांना दाखवला का?
कोणता पाय ते मी बोलले नव्हते.
तो इस्त्रीच्या पँटीनिशी शेणात बसला,
थेट उजव्या मागच्या खुराशी.

वही मी पुढे केली नाही.

आता दर रविवारी येतो.
मागच्या सीटवर कडब्याच्या पेंढ्या,
एकावर एक, सीटबेल्ट लावलेल्या.
रेडकासाठीही काहीबाही आणतो,
पावाचे तुकडे, कलिंगडाच्या साली.
गाढव त्याला अजून मानत नाही.

निघताना तो बैलाच्या कानाशी वाकून
एकच शब्द बोलतो.
नावच असणार.
तेवढा वेळ मी हौदाचा नळ
मोठा सोडते.