फर्नेस

पाच वर्षं त्या चौघांचं माझ्याकडं खातंच नव्हतं.
यायचे, बाकड्यावर बसायचे, पंख्याचं वारं फुकट खायचे,
माझाच कंगवा माझ्याच पाण्यात बुडवून केस फुगवायचे
आणि निघायचे. कैचीला जवळ येऊ द्यायचे नाहीत.

म्हणलं, कामून रे याकोब, बायांगत?
म्हणाला, काका, हे मेटल असतंय.
म्हणलं, मेटल तर मिलमध्ये. तुझा बाप तिथंच सळया ओढतो.
म्हणाला, तो ओढतो. आम्ही वाजवणार.

नाव ठेवलं फर्नेस. जालना म्हणालं फणस.

मुख्तारची गिटार हैदराबादची, कव्हर अम्मीच्या जुन्या गोधडीचं.
गिरधारीचा बाप मोसंबीचा अडत्या, म्हणून अँप्लिफायर त्याच्याकडं.
याकोबचे ड्रम वरातीच्या एका बंद पडलेल्या बँडचे,
मोठ्यावर अजून लिहिलेलं : दगडूबा आणि पुत्र.
रत्नदीप गायचा. आवाज म्हणजे
फरशीवरून ओढलेलं लोखंडी कपाट.
पण डोळ्यांत काजळ, ओठांना बहिणीची लिपस्टिक,
तमाशावाल्या शिंप्याकडून टिकल्या मारून आणलेली विजार,
असा उभा राहिला
की डबा द्यायला आलेल्या माझ्या बायकोच्या
हातातच राहायचा डबा.

केसांचा फवारा इथं मिळायचा नाही.
साखरेच्या पाण्यानं केस उभे केले.
मामा चौकातल्या गणपतीपुढं पहिला कार्यक्रम,
आणि हॅलोजनचे सगळे किडे हॅलोजन सोडून
रत्नदीपच्या डोक्यावर.
दुसऱ्या दिवशी बायकोनं जवस उकळून चीक दिला. कडक बसला.
त्यांच्या नावलौकिकात आमच्या घरचा वाटा एवढाच.

परभणीच्या गॅदरिंगला लाईट गेली.
गिटारी मेल्या, माईक मेला.
याकोब एकटाच अंधारात बडवत राहिला,
पोरांनी काड्या पेटवल्या,
बोटं भाजेपर्यंत धरल्या, मग दुसऱ्या पेटवल्या.
रात्री दोन वाजता माझं दार ठोकून
चौघं एकदम सांगत होते, चार तोंडांनी.
मला कळलं ते एवढंच : काका, काड्या!
याहून मोठे ते कधी झाले नाहीत.

कॅसेट निघाली. तीनशे. खपल्या एक्केचाळीस.
उरलेल्या गिरधारीनं बापाला न सांगता
मोसंबीच्या खोक्यांत एकेक टाकून दिल्लीला पाठवल्या.
महिन्यानं मंडीतून पोस्टकार्ड आलं :
माल उत्तम. कॅसेट पाठवू नये.
ते त्यांनी माझ्या आरशाला चिकटवलं.

मग केस.
आधी मुख्तार. जेद्दाच्या व्हिसाला फोटो लागत होता.
मग गिरधारीचा बाप गेला. वस्तरा फिरत असताना म्हणाला,
काका, डोक्याला गार लागतंय.
त्याचे पैसे घेतले नाहीत.
याकोबला मिलच्या गेटवरून परत लावलं,
भट्टीपाशी मोकळे केस चालत नाहीत.
रत्नदीप सगळ्यात उशिरा, अर्धं शटर ओढल्यावर,
अंबडच्या शाळेतल्या शिपायाची ऑर्डर खिशात.
म्हणाला, आरशाकडं पाठ करून बसू का?
मी खुर्ची फिरवली.

चौघांचे केस मी एका पिशवीत ठेवले होते.
कशाला, ते मलाही सांगता यायचं नाही.
त्या उन्हाळ्यात केसांवर भांडी देणारी आली,
हातात तोलून म्हणाली, बाईचे आहेत का?
म्हणलं, चार बहिणी होत्या.
तिनं एक स्टीलचं पातेलं दिलं.
जालन्याचं नसणार, इथं नुसत्या सळया होतात.

याकोब अजून येतो दाढीला. मिलमध्ये डावा कान गेला त्याचा,
उजवाही निघालाय.
दाढीचं पाणी मी त्याच पातेल्यात तापवतो.
फेस होईस्तोवर त्याची दोन बोटं काठावर चालू.
मी म्हणतो, हळू, सांडंल.

ऐकू जात नाही त्याला.