गॅसवरची तारीख

सिलिंडर आला की सत्त्वशीला
त्याच्या खांद्यावर खडूनं तारीख घालते.
खडू शाळेतला. त्याचे पैसे ती धरत नाही,
या घरात तेवढंच फुकट.

मांडवीच्या उतारावर दोन खोल्या,
भाडं साडेसहा हजार. तिघींत नीट बसत नाही,
दोन रुपये उरतात.
ते मी देते. एसटी डेपोत
दिवसभर चिल्लर मोजणारीला
दोन रुपये सोडणं किती जड, ते मलाच ठाऊक.

सत्त्वशीला औशाची. मासळी तव्यावर पडली
की खिडकीत जाऊन उभी राहते, पाठमोरी.
मासळीत तिचा वाटा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं.
मग एकदा म्हणाली,
"तवा तुमचा, तेल तुमचं.
आणि जाळ?"

जाळाचा विचार कुणी केलाच नव्हता.

तेव्हापासून घड्याळ लावून बांगडे तळतो.
महिन्याला अडुसष्ट मिनिटं.
त्याचे रुपये काढण्यात रविवारची सकाळ गेली,
तेरा निघाले.
त्यातला तिचा तिसरा हिस्सा, चार रुपये तेहेतीस पैसे,
आम्ही परत केला.
तिनं घेतला.

झुलेखाची आई जयगडहून नारळ धाडते, सुकट धाडते.
त्याला भाव लावायचा का, हे अजून ठरायचंय.
पैसे पाठवले तर
ती लेकीला दारात उभी करणार नाही.

भाद्रपदात झुलेखाचा पगार थांबला.
सिव्हिलमध्ये कंत्राटी नर्स; फाइल वर अडकली म्हणे.
बोलली काही नाही,
फक्त चहाला नको म्हणू लागली,
आणि रात्री टेबलफॅनचं तोंड
आमच्याकडे वळवून झोपू लागली.
मी वहीत तिच्या रकान्यावर रेघ मारली,
तिचे आकडे आम्हा दोघींत मुरवले,
गुपचूप, चोरी करावी तसे.

दिवाळीच्या तोंडावर तिनं वही उघडली.
"माझं नाव कुठं गेलं गो?"
"राहू दे. मागनं बघू."
"मी पाहुणी आहे इथं?"
खाली सुर्वेकाकूंनी
ऐकू यावं म्हणून नळ बंद केला.
"बाकी लिही. दहा वर्षं राहू दे बाकी.
पण लिही."

बसलो तिघी. दोन महिने उलटे मोजले.
न प्यालेला चहा वजा.
न घेतलेला वारा वजा करू म्हटलं,
तर म्हणाली, पंखा चालू होता ना? धर.
सात हजार एकशे चाळीस.
खाली तिनं सही केली, पूर्ण नावानं:
झुलेखा इस्माईल सोलकर.

पगार अजून अर्धाच आलाय.
शनिवारी दोनशे देते, कधी दीडशे.
मी जुनी बाकी खोडते, नवी लिहिते.

काल नवा सिलिंडर आला.
तारीख घालता घालता सत्त्वशीलानं विचारलं,
मान वर न करता,
"सुकट भाजायला जाळ फार लागतो का?"
"दोन मिनिटं."
"मग ती नका धरू."

मी धरली.
तिच्या वाटचे तेरा पैसे.